पासपोर्टपूजन

पोस्टमन दोन पासपोर्ट देऊन गेला. सत्यभामाबाईंनी आपला उघडला, स्वतःचा फोटो पाहिला, "चोट्टीवानी दिसून राह्यली मी," म्हणाल्या, आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून लुगड्यांच्या पेटीत तळाशी ठेवून दिला. नारायणरावांनी मात्र आपला सदऱ्याच्या वरच्या खिशात, अर्धा बाहेर दिसेल असा खोचला आणि ते तडक एसटी स्टँडवरच्या हॉटेलात चहाला गेले. घरात नुकताच चहा झाला होता.

वरवट बकालमध्ये नारायणरावांच्या शब्दाला वजन होतं, आणि ते गावाच्या लक्षात राहावं याची काळजी ते स्वतःच घेत. मुलगा ज्ञानेश्वर जर्मनीत. नातू शिवम तिथंच जन्मला, आणि आता त्याचा पहिला वाढदिवस आला होता. आजोबा फोन नको इतका जवळ धरत असल्यामुळे शिवमला ते फक्त एक नाक आणि अर्धी मिशी एवढेच ठाऊक होते. एकदा नातवाला मांडीवर घ्यायचं, एवढी एकच नारायणरावांची इच्छा होती. खरं सांगायचं तर दोन होत्या. दुसरी अशी की मांडीवर घेतलेलं गावानं पाहावं.

सरपंच जयमालाताईंनी सत्कार ठरवला. स्टँडवर फ्लेक्स लागला. त्यावर नारायणराव गॉगल घालून विमानाच्या पंखावर उभे होते. आता कार्यक्रम म्हटला की आधी पूजन आलंच. पूजन कशाचं करायचं, यावर चर्चा सुरू झाली, तेव्हा नारायणराव हळूच म्हणाले, "पासपोर्टचंच करा ना! नवीन वस्तू हाय."

गावाला ते पटलं. ट्रॅक्टर आला, बोअरला मोटार बसली, विजेची डीपी बदलली, तरी हळदकुंकू लागतं. मग पासपोर्टनंच काय घोडं मारलं?

"अहो, ते वस्तू सरकारची हाय," सत्यभामाबाई घरी म्हणाल्या. "काहाले मिरवता? माह्यावानी पेटीत ठेवा."

"तुले काय समजते त्यातलं?"

सत्कार दणक्यात झाला. सत्कार कोणाचा हे लोकांना कळावं म्हणून पासपोर्ट फोटोच्या पानावर उघडून तांब्याला टेकवून ठेवला होता. जयमालाताईंनी फोटोच्या कपाळावर ओलं कुंकू लावलं. मग उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन, बचत गटाच्या बाया, सगळ्यांनी लावलं. कपाळ भरलं तेव्हा लोक गालांवर उतरले. समोरच नारळ फोडला, त्याचं पाणी उडालं. शेवटी कोणीतरी फोटोला झेंडूची छोटी माळ घातली, आणि मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हात जोडले.

घरी येऊन नारायणरावांनी पासपोर्ट आधी ओल्या फडक्यानं पुसला. मग रॉकेलनं पुसला. मग पुसणं थांबवलं, कारण मिशी निघून आली.

"काय करून राह्यले?" आतून आवाज आला.

"काही नाई. वाचून राह्यलो."

मुंबईच्या व्हिसा केंद्रात काचेमागच्या मुलीनं सत्यभामाबाईंचा पासपोर्ट पाहून बाजूला ठेवला. नारायणरावांचा मात्र ती बराच वेळ पाहत राहिली.

"काका, हे लाल काय आहे?"

"कुंकू. पवित्र हाय मॅडम."

"यात चेहराच दिसत नाही. पानं चिकटलीत. समोरचा देश याला पासपोर्ट मानणार नाही."

"काऊन नाई मानणार? आपल्या सरकारनं देल्ला हाय!"

"सरकारनं कोरा दिला होता, काका. नवीन काढा, मग या. पण हे केलं कोणी?"

मागे रांग उभी होती. शर्टपँटातली, इंग्रजी बोलणारी माणसं मान उंच करून बघत होती. नारायणरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या, आणि तोंडातून शब्द निघून गेले.

"आमच्या मंडळीनं. अडाणी हाय ते. समजावून सांगतलं, पण आइकते कुठी!"

मुलीनं सत्यभामाबाईंचा पासपोर्ट उचलला. तो आरशासारखा स्वच्छ होता. "मग यांनी स्वतःच्या पासपोर्टला नाही लावलं?"

 नारायणरावांनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. बायकोकडे पाहायची हिंमत झाली नाही. शेवटी सत्यभामाबाईच पुढे झाल्या.

"कुंकू सरलं होतं, मॅडम," त्या शांतपणे म्हणाल्या.

नारायणरावांना वाटलं, आपण जमिनीत गाडून घ्यावं, पण तिथं गुळगुळीत फरशी होती. परतीच्या गाडीत सत्यभामाबाईंनी त्यांना शेंगा सोलून दिल्या.  रागावल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

नवीन पासपोर्ट यायला वेळ लागणार होता, आणि वाढदिवस थांबणार नव्हता. शेगावच्या पलीकडे कधी एकट्या न गेलेल्या सत्यभामाबाईंना एकट्यानं जर्मनीला पाठवायचं ठरलं. हे गावाला सांगायचं एवढंच राहिलं होतं. नारायणराव रोज सांगायला निघत आणि स्टँडवर स्वतःचा फ्लेक्स पाहून परत येत.

निघायच्या दिवशी बँड आला. एवढ्या लोकांत, एवढ्या आवाजात सांगायचं तरी काय? नारायणराव रिकामी बॅग घेऊन, हार घालून बायकोबरोबर गाडीत बसले. विमानतळाच्या दारात सत्यभामाबाईंनी त्यांच्या गळ्यातला हार काढून घेतला. "हे घालून कुठी फिरसान?" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

कुठी फिरसान, हाच प्रश्न होता. गावात तर तोंड दाखवता येत नव्हतं. नारायणराव गुपचूप धाड या गावी, बहिणीकडे, कलाबाईकडे जाऊन राहिले. तिथं ते दिवसभर घरात बसत आणि कोणी दार वाजवलं की धान्याच्या कोठीमागे जात. "दादा, चोरीगिरी त नाई ना केली?" कलाबाईनं एकदा विचारलंच.

बाजाराच्या दिवशी मात्र त्यांना राहवलं नाही. तोंडाला दुपट्टा गुंडाळून ते भज्यांच्या गाडीपाशी गेले. भजं खायचं तर दुपट्टा सोडावा लागतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पहिला घास तोंडात असतानाच समोर वरवटचा राम उभा. पोरीसाठी स्थळ पाहायला आला होता.

"भाऊ? तुम्ही त जर्मनीत ना?"

"हाव," नारायणराव म्हणाले. भजं गरम होतं. "मंधात जरा सुट्टी होती."

संध्याकाळपर्यंत जयमालाताईंचा फोन आला. "दादा, आमची एक शंका होती. जर्मनी धाडच्या अलीकडे हाय का पलीकडे?"

कागदात घोळ झाला, असं काहीतरी सांगून नारायणराव खालमानेनं गावी परतले. फ्लेक्स अजून तसाच होता. स्टँडवरून घरी जाताना ते आता मागच्या गल्लीनं जात. रात्री ज्ञानेश्वरचा फोन येई. "बाबा, आईला अजून वाईट वाटतं. म्हणते, माह्याच हातानं झालं, माह्यामुळं तुह्या बाबाचं येणं राह्यलं. तुम्ही तिला रागावू नका."

"नाई रागावत," नारायणराव म्हणत, आणि मग जेवण जात नसे.

सत्यभामाबाई परत आल्या. त्याच आठवड्यात नारायणरावांचा नवा पासपोर्टही आला. तो त्यांनी घराबाहेर कुणालाच दाखवला नव्हता. त्या संध्याकाळी जर्मनीचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर सून अश्विनी होती, तिच्या कडेवर शिवम. "आजी, आजी," करून तो पडद्यावर हात मारत होता. नारायणराव फोनपासून लांब बसले होते.

"आई, आता बाबांच्या नव्या पासपोर्टला कुंकू लावू नका हं!" अश्विनी हसत म्हणाली.

"नाई लावत वं माय," सत्यभामाबाईही हसल्या.

तेव्हा नारायणरावांनी फोन ओढून घेतला. जर्मनीतल्या पडद्यावर पुन्हा नाक आणि अर्धी मिशी आली.

"कुंकू सरलं नव्हतं," ते म्हणाले.

"काय बाबा?"

"तिनं लावलंच नव्हतं. म्या लावून घेतलं, साऱ्या गावाकून. ते म्हणे पेटीत ठेवा, म्या नाई आइकलं. अन् तथी मुंबईले तिच्यावर ढकललं. अडाणी म्हणलो तिले, चार लोकांत. लाज वाटते बाप्पा, तोंड दाखवाले जागा नाई."

पलीकडे ज्ञानेश्वर पडद्यावर आला.

"माहीत आहे बाबा," तो म्हणाला. "सत्काराचा व्हिडिओ जयमालाताईंनी त्याच दिवशी गावच्या ग्रुपवर टाकला होता. आम्ही सगळ्यांनी पाहिला. कुंकू कोणी कोणी लावलं तेही मोजलं."

"मंग बोलला काऊन नाई?"

"आईनंच मला फोनवर तसं बोलायला लावलं. म्हणाली, त्यांच्या तोंडून येऊ दे. येईल."

नारायणरावांनी बायकोकडे पाहिलं. मुंबईपासून पहिल्यांदाच सरळ पाहिलं. सत्यभामाबाई शेंगा सोलत होत्या. नारायणरावांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून नवा पासपोर्ट काढून त्यांच्यापुढे धरला.

"पेटीत ठेव."

"अन् किल्ली?"

"तुह्यापाशी."

सत्यभामाबाईंनी हात पदराला पुसले, नीट कोरडे केले, आणि मगच पासपोर्ट घेतला.