रियाची शंका प्रलंबित आहे

"शाळेला लेखी अर्ज देऊ नकोस गं," शेजारच्या पुष्पाकाकूंनी मयुराला बजावलं होतं. "तोंडी सांग नि सोडून दे. लेखी दिलं की ते अंमलबजावणी करतात."

मयुरा बी.एस्सी. झालेली. तिने हसून अर्ज दिला.

प्रकरण साधं होतं. तिसरीतल्या तिच्या मुलीने, रियाने, वर्गात विचारलं, बेरजेत हातचा डावीकडेच का जातो? बाई म्हणाल्या, "जातो म्हणून जातो." मयुराने लिहिलं: मुलांना शिकवताना त्यामागचं कारणही समजावून सांगावं.

आठवड्यात शाळेत 'कारण कक्ष' उघडला. फीत कापली, चिकू वाटले. खिडकीवर पाटी लागली: शंका स्वीकारण्याची वेळ ११ ते ११.१०. विहित नमुना, तीन प्रती.

"ताई, तुमचीच कल्पना हां ही!" मुख्याध्यापक देवजी सर म्हणाले. "आता एकही मूल कारणाशिवाय शिकणार नाही. कारण येईपर्यंत शिकणारच नाही!"

रियाने हातच्याचीच शंका टाकली. उत्तर देण्याचे अधिकार शाळेला नव्हते, म्हणून शंका वरच्या कार्यालयात गेली. तिथून आणखी वर. पंधरा दिवसांनी शेरा आला: 'सदर हातचा सध्या कुठे आहे, याचा स्थळपाहणी अहवाल जोडावा.' सरांनी दोन शिक्षक नेऊन रियाच्या वहीचा पंचनामा केला. पंच म्हणून खिचडी शिजवणाऱ्या ठकीबाईंची सही घेतली.

दरम्यान नियम निघाला: एक शंका प्रलंबित असताना दुसरी घेता येणार नाही.

झाईपासून चारोटीपर्यंत एसटीच्या कंडक्टरचं डोकं खाणारी पोरगी घरीही गप्प झाली. मयुराने अंगणात चिकू मांडले.

"हे बघ, दहा झाले की एक क्रेट भरला. भरलेला क्रेट डावीकडे, सुटे इकडे. म्हणून हातचा..."

"आई," रिया समजुतीने म्हणाली, "तुझं उत्तर चालायचं नाही. तुझ्याकडे शिक्का कुठेय?"

महिनाअखेरीस नवीन शंका शून्यावर आल्या. योजना यशस्वी ठरली. पालकसभेत मयुराला शाल-श्रीफळ मिळालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत तुम्हीही होतात. "आमचं पोरही आता अजिबात त्रास देत नाही हो," असं शेजारच्या खुर्चीला कौतुकाने सांगत होतात.

मयुराने खांद्यावरची शाल काढून टेबलावर ठेवली आणि माइक हातात घेतला.

"घरी गेलात की जरा आपल्या पोराजवळ बसा," ती म्हणाली. "शेवटचं 'का' त्याने कधी विचारलं, आठवतंय का तुम्हाला?"