पाठीवरचे दहा आकडे

उस्तादांच्या हातांची कातडी फुटली आणि ती कशाने फुटली याचा शोध त्यांच्या पाठीवर घ्यावा असे डॉक्टरांनी ठरवले, तेव्हाच खरे तर घरच्या मंडळींनी सावध व्हायला हवे होते. हात समोर असतात. मनुष्याची त्यांच्यावर नजर राहते. पाठ मात्र ज्याची त्याला कधीच दिसत नाही, आणि जे आपल्याला दिसत नाही त्याचा कारभार नेहमी इतरांकडे जातो.

उस्ताद पादत्राणांचे कारागीर होते. पुढल्या खोलीत दुकान आणि मागल्या खोलीत संसार, अशी त्यांच्या आयुष्याची सुटसुटीत मांडणी होती. चामडे कापायची रापी, टोचायची आरी आणि मेण लावलेला दोरा यांखेरीज त्यांनी जगाकडे फारसे काही मागितले नव्हते. परंतु काही महिन्यांपासून हातांना असह्य कंड सुटू लागला. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या, आणि आरी धरताना त्यांच्या तोंडून जे शब्द निघत ते येथे लिहिण्याजोगे नाहीत.

त्यांच्या पत्नीला गल्लीत उस्तादीणबाई म्हणत. दुकान बंद झाले की त्या उस्तादांचे हात आपल्या मांडीवर घेत आणि गुलाबाच्या वासाचे क्रीम एकेका बोटाला चोळत. दिवसभर दोघांमध्ये 'दोरा द्या', 'गिऱ्हाईक आलंय' याहून अधिक संभाषण होत नसे. जे काही बोलायचे ते या वेळी. काही वेळा तेही नाही. नुसतेच हात हातात असत.

"ह्या पट्टीत दहा खणांत दहा वस्तू आहेत," तरुण डॉक्टरांनी उस्तादांच्या पाठीवर पट्टी चिकटवत सांगितले. "चामडं कमावायचं रसायन, रबर, चिकटवायचा सरस, सुगंधी द्रव्यं, असं सगळं. ज्याची तुम्हाला अ‍ॅलर्जी असेल त्याच्याखालची कातडी लाल होईल. पट्टी भिजवायची नाही, घासायची नाही, खाजवायचं तर अजिबात नाही."

"आणि खाज आली तर?" उस्तादांनी विचारले.

"यायलाच हवी. तीच तर चाचणी."

"म्हणजे पान वाढायचं आणि हात बांधून ठेवायचे," उस्तादीणबाई म्हणाल्या.

नर्सने पट्टीच्या कडेने पाठीवरच, प्रत्येक खणासमोर, पेनाने एक ते दहा आकडे घातले आणि मंडळी घरी आली.

संध्याकाळ होण्यापूर्वीच खाजेने आपले काम सुरू केले. उस्तादांनी प्रथम मनोनिग्रह केला. नंतर पत्नीकडे करुण दृष्टीने पाहिले. उस्तादीणबाईंनी नकारार्थी मान हलवली. त्या पाणी आणायला गेल्या एवढ्यात उस्तादांनी दाराची चौकट गाठली आणि डोळे मिटून, एखादी म्हैस झाडाच्या बुंध्याला ज्या समाधानाने पाठ घासते त्याच समाधानाने, आपली पाठ घासली. त्यांनी डोळे उघडले तेव्हा पट्टी चौकटीला चिकटलेली होती.

"हे काय केलंत?"

"वाऱ्यानं सुटली."

"वारा चौकटीला घासला काय? डॉक्टरांना फोन करते."

"थांब गं! आयुष्यभर सोल चिकटवले मी. एवढ्याशा पट्टीसाठी डॉक्टर? लोक काय म्हणतील?"

उस्तादांनी पट्टी हातात घेऊन पारखली. तिची एक कड रुंद होती व दुसरी अरुंद. त्यांच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही.

"ही रुंद बाजू म्हणजे चवडा. ही अरुंद, ती टाच. चवडा वर, टाच खाली. लाव."

"अहो, माणसाच्या पाठीला चवडा असतो होय?"

"कारागीर कोण, तू का मी?"

उस्तादीणबाईंनी पट्टी लावली. उस्तादांच्या सूचनेनुसार त्यांनी ती आधी टाचेकडे दाबली, मग चवड्याकडे, आणि शेवटी सोल बसवताना हातोडी मारतात तसे मुठीने चार ठोकेही दिले. चौथा ठोका चाचणीसाठी नव्हता. तो चौकटीबद्दल होता.

इतक्यात उस्तादीणबाईंचा धाकटा भाऊ आला. तो दुकानांच्या पाट्या रंगवीत असे आणि सर्वजण त्याला पेंटर म्हणत. त्याने पाठीकडे पाहिले मात्र, त्याच्या चेहऱ्यावर वेदना उमटली.

"भाऊजी, हे काय अक्षर म्हणायचं? हा सात आहे का वाकलेला खिळा? आणि घामानं निम्मे पुसलेत. डॉक्टरनी कसं वाचायचं?"

"पुसले?" उस्तादीणबाई घाबरल्या. "अरे, मग गिरव की पटकन."

पेंटरने खिशातून न पुसली जाणारी शाई काढली. उस्ताद कामाच्या फळीवर पालथे झोपले. पेंटर जीभ दाताखाली धरून एकेक आकडा रेखू लागला.

"सावली देऊ का आकड्यांना? उठून दिसतील."

"पाठ आहे ती, मेल्या, किराणा दुकान नाही!"

"बरं, साधेच ठेवतो." अखेरीस उस्तादांना कमरेजवळच्या कोपऱ्यात थोड्या गुदगुल्या झाल्या, परंतु ते काही बोलले नाहीत. कलावंताला शेवटचा हात मारू द्यावा, हे त्यांना ठाऊक होते.

ठरल्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. तरुण डॉक्टरांनी पट्टी काढली, लाली पाहिली, घाईने कागदावर टिपले.

"दहा नंबर. चांगलीच लाल आहे."

"दहा म्हणजे?"

"चामड्यातलं रसायन." डॉक्टरांचा आवाज हळू झाला. "काका, बहुतेक धंदा सोडावा लागेल. परवा मोठ्या मॅडम बघतील, त्या नक्की सांगतील. तोवर चामड्याला हात लावू नका."

मंडळी घरी आली. उस्तादांनी रापी खुंटीला अडकवली. कलबुतावर, म्हणजे बुटाच्या लाकडी साच्यावर, एक अर्धा शिवलेला बूट होता. त्याच्यावर त्यांनी आपला रुमाल पांघरला, जणू त्याला थंडी वाजेल.

"काळजी करू नका भाऊजी," पेंटर म्हणाला. "माझ्याबरोबर चला. मी अक्षरं काढीन, तुम्ही शिडी धरा."

"मी माणसांना जमिनीवर नीट उभं करणारा, रे. शिडीवरचं मला काय कळतं?"

हे ऐकून उस्तादीणबाई आत निघून गेल्या, आणि परत आल्या त्या क्रीमची बाटली घेऊन. मनुष्याला जेव्हा काहीच करता येत नाही तेव्हा तो जे येते तेच दुप्पट करतो. त्यांनी सकाळी क्रीम चोळले, दुपारी चोळले, संध्याकाळी चोळले. घर गुलाबाने भरून गेले. उस्तादांचे हात मात्र टोमॅटोसारखे लाल झाले.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात पेंटरही बरोबर आला. मोठ्या डॉक्टर वयाने प्रौढ आणि बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी उस्तादांच्या पाठीकडे पाहिले आणि चष्मा नीट करून पुन्हा पाहिले. उस्तादीणबाईंनी पदराचे टोक मुठीत आवळले.

"आमच्याकडे इतकं सुंदर अक्षर कोणाचं आहे?" डॉक्टरांनी नर्सला विचारले.

"कोणाचंच नाही मॅडम."

"आणि हे खाली कोपऱ्यात 'पेंटर' असं कोणी लिहिलंय?"

उस्तादीणबाईंनी भावाकडे वळून पाहिले. तो छताचे निरीक्षण करू लागला.

"सवय आहे ताई," तो पुटपुटला. "सही केल्याशिवाय बोर्ड पुरा होत नाही."

मग चौकट, चवडा, टाच, ठोके असे सारे काही बाहेर आले. डॉक्टरांनी रागवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. परंतु 'चवडा वर' या शब्दांपाशी त्यांचा धीर सुटला आणि त्या चष्मा काढून डोळे पुसू लागल्या.

"उस्ताद, रुंद बाजू खाली असते. पट्टी उलटी लागली. दहाच्या जागी एक नंबरचा खण गेला. आणि हे पाहा, एक नंबरपाशीही पुसट लाली आहे, पट्टी सुटण्याआधीची. बरं, दोन दिवस चामड्याला हात लावलात?"

"नाही. देवाशपथ."

"मग हात जास्त का बिघडले?"

डॉक्टरांनी उस्तादांचा हात उचलून नाकाशी नेला. "एक नंबर म्हणजे सुगंधी द्रव्यं. हे गुलाबाचं काय लावता?"

"मी लावते," उस्तादीणबाई म्हणाल्या.

"तुमचा दोष नाही हो. कामानं कातडी आधी फुटली असणार. धड कातडी म्हणजे शरीराची भिंत. तिला भेगा पडल्या की त्यातून आत गेलेल्या साध्यासुध्या वस्तूशीही शरीर वैर धरू शकतं. अलीकडच्या संशोधनात या भिंतीकडे फार लक्ष दिलं जातंय."

"म्हणजे दारातून आला तर पाहुणा, भिंत फोडून आला तर चोर," पेंटर म्हणाला.

"अगदी बरोबर. आता नव्या गोळ्या निघाल्यात, इंजेक्शनं निघालीत. गरज पडली तर तीही बघू. पण सगळ्यात चांगला उपाय जुनाच: कारण ओळखायचं आणि त्याच्यापासून लांब राहायचं. ते क्रीम बंद. हे बिनवासाचं मलम लावा. हात बरे झाले की पट्टी पुन्हा लावून खात्री करू, आणि या वेळी ती सुटली तर फोन. धंदा सोडायची घाई नको."

उस्ताद घरी येताना तरुणासारखे चालत होते. उस्तादीणबाई दोन पावले मागे होत्या.

त्या संध्याकाळी दुकान बंद झाले, परंतु उस्तादीणबाई जवळ आल्या नाहीत. त्या दूर बसून, आधीच निवडलेले तांदूळ पुन्हा निवडू लागल्या. उस्तादांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग ते उठले आणि मलमाची डबी त्यांनी तांदळाच्या ताटात ठेवली.

"तुमचं तुम्ही लावा," त्या मान खाली घालून म्हणाल्या. "मीच तुमचे हात जाळले."

"डॉक्टरनी गुलाबापासून लांब राहायला सांगितलंय. तुझ्यापासून नाही."

ताट बाजूला सरले. हात मांडीवर आले. मलमाला खरोखरच कसला वास नव्हता.

"तुम्हाला चुकल्यासारखं वाटेल," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "एवढा आवडायचा तुम्हाला गुलाब."

"मला? मला तर मळमळायचं. तुला आवडतो म्हणून गप्प बसायचो."

"मला कुठं? माझं डोकं दुखायचं रोज! दुकानदार म्हणाला पुरुषांना आवडतो म्हणून, तेव्हापासून..."

बाटली फळीवर उभी होती. इतक्या महिन्यांत तिचे खरे गिऱ्हाईक कोण होते हे आता कोणालाच सांगता आले नसते.

काही आठवड्यांत भेगा भरून आल्या. पट्टी पुन्हा लागली, सुलटी लागली, आणि लाली निमूटपणे एकापाशी उमटली. कलबुतावरचा बूट पुरा झाला. त्या दिवशी संध्याकाळी उस्तादीणबाईंनी हात मांडीवर घेतले आणि त्या थबकल्या. त्यांनी ते हळूच नाकाशी नेले.

"चामड्याचा वास येतोय."

उस्तादांनी ओशाळून हात मागे घेतला. "धुऊन येतो."

"बसा हो," त्यांनी हात परत ओढला. "मला बघायला आलात तेव्हा हाच वास होता. मी घाबरून मान वर केली नव्हती. चेहरा दिसलाच नाही तुमचा. ह्या वासालाच हो म्हटलं होतं मी."

उस्तादांच्या डोळ्यांत पाणी आले, नेमकी त्याच वेळी पाठीलाही खाज आली, आणि दोन्ही हात गुंतलेले होते.

"अगं, जरा पाठ..."

"खाजवते. पण कमरेजवळचा तो कोपरा सोडून हं," उस्तादीणबाई म्हणाल्या. "तिथं अजून सही आहे त्याची. इतकी घासली, जाता जात नाही."