निळा नळ, लाल नळ

"पाइपांच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही!" शुक्रवारी सकाळी सव्वादहाला हातात पाना घेऊन रविकांत शेवडेने बायकोला बजावलं.

बोलायचा अधिकार होता त्याला. नाशिकच्या या इंजिनियरने बारा वर्षं कारखान्यांत पाइपच जोडले होते, आणि त्याच जोरावर कुवेतच्या तेलकंपनीने भर जुलैत त्याला बोलावून घेतलं होतं. कुवेतच्या सलवा भागात, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. बॅगा अजून हॉलमध्येच आडव्या पडलेल्या. आणि चारही दिवस बाथरूममध्ये एकच प्रकार : थंड पाण्याचा म्हणून निळा नळ सोडला, की चहा करावा असं कढत पाणी! गिझर तर त्यांनी एकदाही लावला नव्हता. उलट लाल नळ सोडला, की सुखद गार पाणी.

"उलटे जोडलेत गाढवांनी!" रविकांतने निदान केलं.

"अरे, आधी कुणाला तरी विचार ना," लीना म्हणाली. सकाळीच तिचे हात भाजले होते.

म्हणून मग इमारतीचा रखवालदार महरूस याला बोलावण्यात आलं. महरूस इजिप्तचा. त्याला हिंदी येईना, रविकांतला अरबी. महरूसने निळ्या नळाखाली बोट धरलं, झटकन मागे घेतलं आणि खुशीत म्हणाला, "सेफ!"

"सेफ? व्हॉट सेफ? वाइफ हँड बर्न! नो सेफ!"

"सेफ, या मुहन्दिस, सेफ!" महरूस छताकडे बोट दाखवून समजूत घालू लागला. "जुलाई सेफ! ऑगस्ट सेफ! सप्टेंबर शुवय्या सेफ!"

मुहन्दिस म्हणजे इंजिनियर आणि शुवय्या म्हणजे थोडं, एवढं रविकांत चार दिवसांत शिकला होता. तो लीनाकडे वळला. "ऐकलंस? सप्टेंबरपासून सेफ्टी कमी होणार म्हणतोय! या माणसाच्या भरवशावर अकरा बिऱ्हाडं राहतात!"

महरूस हात हलवत निघून गेला. रविकांतने बाह्या सरसावल्या. काम चिल्लर होतं. बेसिनखाली दोन पाइप. याचं तोंड तिकडे, त्याचं इकडे. स्वयंपाकघरातली मोठी चावी त्याने करकचून बंद केली. ती वॉशिंग मशीनची होती, हे त्याला पाइप सोडवल्यावर कळलं!

कढत पाण्याचा फवारा थेट छातीवर बसला. रविकांत असा ओरडला, की लीना हातातला डबा टाकून धावली. त्याने पाइपावर अंगठा दाबला. पाणी अंगठ्याच्या चहूबाजूंनी कारंज्यासारखं उडालं. नॅपकिन दाबला. नॅपकिन उडून बादलीत!

"चादर आण!"

"कुठल्या बॅगेत आहे?"

"कुठल्याही!"

लीनाने पहिली बॅग उघडून हाताला लागलं ते आणलं. तो रविकांतचा लग्नातला शेला होता. तोही दाबून झाला. पाणी बॅगांखालून जिन्याकडे निघालं. शेवटी खालून महरूसची आरोळी आली आणि त्याने अख्ख्या इमारतीचं पाणी तोडलं.

धार थांबली. रविकांतने घाईघाईने दोन्ही पाइप अदलाबदल करून आवळले. हुश्श म्हणतो तोच जिन्यात आवाज चढू लागले. शुक्रवार! दुपारच्या नमाजासाठी घराघरांतले पुरुष नेमके त्याच वेळी आंघोळीला शिरले होते. दारात टॉवेल गुंडाळलेली सहा माणसं उभी. कुणाच्या डोक्यावर फेस, कुणाची अर्धी दाढी. एकाचे तर डोळेच उघडेनात. तो भिंतीलाच उद्देशून भांडत होता!

त्यांना बाजूला सारत तिसऱ्या मजल्यावरच्या अमिरुन्निसाखाला आत आल्या. दापोलीच्या खाला अठ्ठावीस वर्षं कुवेतला होत्या. हातात पातेलं होतं.

"काय करतोस रे बाळा? माझ्या कोळंबीच्या पुलावात मी पाणी मापून घातला होता! वरनं आणखी दोन तांबे कुणी सांगितले?"

मराठी ऐकून रविकांतला रडूच यायचं राहिलं. "खाला, इथले नळ उलटे आहेत. आणि तो महरूस सेफ सेफ म्हणतो..."

खाला त्याच्याकडे बघतच राहिल्या. "सेफ म्हणजे अरबीत उन्हाळा! पाण्याची टाकी कुठाय?"

"गच्चीवर."

"आणि गच्चीवर काय आहे?"

"काही नाही..."

"पन्नास डिग्री ऊन आहे! टाकीतला पाणी उकळतो, तोच निळ्या नळाला येतो. गिझर बंद ठेवला, की त्यातला पाणी घरात राहून गार होतो. तो लाल नळाला. सगळा कुवेत उन्हाळाभर असाच आंघोळ करतो! तू कसला इंजिनियर?"

"हीट एक्सचेंजरचा," रविकांत पुटपुटला. म्हणजे उष्णता कुठून कुठे जाते, याचाच!

पदर नसल्यामुळे लीना तोंडात ओढणी कोंबून हसत होती.

महरूसने पाणी सोडलं. फेसवाली मंडळी धावत घरी गेली. जाताजाता खालांनी निळा नळ उघडून पाहिला. गार पाणी आलं.

"असाच राहू दे," त्या विचार करत म्हणाल्या. "माझा नातू रोज निळा नळ सोडून हात भाजून घेतो. माझाही बदलून दे. आत्ताच! पुलावाची भरपाई म्हणून."

नाही म्हणायची सोय नव्हती. त्या दिवशी खालांचा नळ झाला. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दाढीवाल्याचा. पुढच्या शुक्रवारपर्यंत रविकांतने सात बिऱ्हाडांचे नळ बदलले. महरूस मुख्य चावीपाशी बसून हुकूम देई आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगे, "माय सब्बाक! इंडियन!"

सब्बाक म्हणजे कुणी मोठा तज्ज्ञ असावा, अशा समजुतीत रविकांत मान झुकवून हसत असे.

महिन्याभराने मराठी मंडळींच्या स्नेहभोजनाला दोघं पहिल्यांदाच गेली. रविकांतने खास टाय लावला होता. चारुशीला नावाच्या एक बाई लगबगीने लीनाकडे आल्या.

"तुम्ही सलवाच्या ना? बरं झालं भेटलात! तुमचे मिस्टर सब्बाक, म्हणजे प्लंबर आहेत म्हणे. आमच्याकडे हवल्लीला येतील का हो?"

रविकांतने उत्तरासाठी तोंड उघडलं. पण लीना आधी बोलली.

"येतील की! फक्त खालच्या मजल्यावर कोण राहतं, त्यांना सकाळीच जेवून घ्यायला सांगा."