नव्वद मिनिटांचा पेग

विलासभाऊ एक पेग घेतात आणि पुढची नव्वद मिनिटं जिल्ह्याच्या हद्दीबाहेर बसून राहतात. तो उतरल्याशिवाय ते वर्धा जिल्ह्यात पाय ठेवत नाहीत.

आता आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे खरं. म्हणजे दारू मागितली की दहा मिनिटं थांबावं लागतं. अशा मुलखात हा माणूस दर शनिवारी पाच वाजता सिंदी रेल्वे या आमच्या गावाहून मला गाडी काढायला लावतो, नागपूर जिल्हा लागला की पहिल्या ढाब्यावर उतरतो आणि खिशातलं पिण्याचं परमिट टेबलावर ठेवतो. ते कोणी बघत नाही, तरी ठेवतो. परमिट काढून पिणारा माणूस मी आयुष्यात हा एकच पाहिला.

ढाब्याच्या कपाटात त्यांची बाटली असते. जावयानं कॅनडातून आणलेली राय व्हिस्की. राय म्हणजे गव्हाच्या भावकीतलं एक धान्य. "पयले घशाले झोंबते, मंग करपल्या पोयीचा वास येते," भाऊ सांगतात. "साधी दारू गोड बोलून गळ्यात पडते मास्तर. हे तोंडावर सांगते."

मास्तर म्हणजे मी. शाळेत गणित शिकवतो. माझी निवड झाली ती माझ्या गाडीत अजून कॅसेटचा टेप आहे म्हणून. मी लिंबू सोडा पितो आणि घरी गेल्यावर बोलणी खातो.

भाऊ मालगाडीचे गार्ड होते. शेवटच्या डब्यात एकटा माणूस, पुढे चाळीस-पन्नास डबे कोळसा, बोलायला कोणी नाही. ऐंशीच्या दशकात नागपूरच्या फूटपाथवर त्यांना इंग्रजी रॉकच्या कॅसेटी सापडल्या आणि गाडीच्या खडखडाटाला पुरून उरेल असं काहीतरी मिळालं. "भावगीत त्या डब्यात आयकूच येत नाई," ते म्हणतात. गाण्यांतला एकही शब्द त्यांना कळत नाही. नावंही त्यांनीच ठेवलेली. 'ब्रेकवालं', कारण त्यात गिटार करकचून थांबते. 'सुटीचा अर्ज', कारण गाणारा आधी विनवण्या करतो आणि मग ओरडतो. "समजत नाई, पन गडी खोटं नाई बोलून राह्यला."

अशी बावीस आवडती गाणी त्यांनी नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटवर भरून घेतली आहेत. दुसरी बाजू संपली की पेग उतरला. हे कुठल्या विज्ञानात बसतं, असं मी विचारलं होतं.

"माह्या विज्ञानात बसते. सोडा प्या तुमी."

गावाला वाटतं, म्हातारा कायद्याला भितो. मलाही तसंच वाटायचं. एकदा कंटाळून मी म्हटलं, "भाऊ, पोटातली दारू कोणता पोलिस तपासून राह्यला?" तेव्हा त्यांनी सांगितलं. वत्सलावहिनींचे वडील हातभट्टीच्या दारूनं गेले. लग्न ठरताना वहिनींनी एकच मागितलं, पिऊन माझ्यासमोर येऊ नका.

"पिऊच नका म्हनली असती तं सोडली असती," भाऊ म्हणाले. "तसं नाई म्हनली. मंग मी तिले वास काऊन देऊ?"

लग्नाला अडतीस वर्षं झाली. एकदाही चुकलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात भाऊंनी रिकामा ग्लास खाली ठेवला आणि माझा फोन वाजला. माझी बायको होती. वहिनी अंगणात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलंय बहुतेक, त्यांना वर्ध्याजवळ सावंगीच्या दवाखान्यात घेऊन निघालोय. भाऊ उठले आणि गाडीत येऊन बसले. हद्दीचा फलक दिसला तसा मी मुद्दाम वेग कमी केला.

"काऊन थांबता? चाला," ते म्हणाले आणि त्यांनी कॅसेट लावली. दवाखाना तासभर लांब. रस्त्यात पंधरा गाणी झाली.

वॉर्डाच्या दारात मात्र त्यांचे पाय अडले. "सात गाणी राह्यली," म्हणाले.

"भाऊ, त्या आत तळमळत असतील."

"तुमी जा. माह्यानं नाई होत."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. तसाच आत गेलो. वहिनी छताकडे बघत पडल्या होत्या, चेहरा अगदी शांत. दुखतंय का विचारलं तर म्हणाल्या, "नाई जी, काई नाई." बायको म्हणाली, मघापासून हेच चाललंय, डॉक्टरांनी पाय हलवला तरी हूं नाही की चूं नाही.

"ते आले काय?" वहिनींनी विचारलं.

आलेत, बाहेर उभे आहेत, पण... असं मी सांगू लागलो.

"आज शनिवार हाय, मास्तर. मले माहीत नाई काय? शनिवारच्या भाकरी म्या कधी साडेसाताच्या आंधी टाकल्या नाई. त्याईले घाई नोका करू. दार तेवढं उघडं ठेवा."

मी दार उघडलं. भाऊ दाराकडे पाठ करून उभे होते, वास आत जाऊ नये म्हणून. कॅसेट गाडीत राहिली होती, तेव्हा उरलेली गाणी ते तोंडानं म्हणत होते, हळू आवाजात, एकही कडवं न गाळता, गिटारसकट. एक नर्स त्यांना गप्प करायला आली आणि थोडा वेळ ऐकून परत गेली. सात गाण्यांना अठ्ठावीस मिनिटं लागली. तेवढा वेळ वहिनी त्या पाठीकडे बघत होत्या.

सातवं संपल्यावर भाऊंनी नळावर तोंड धुतलं, आत आले आणि पलंगाजवळच्या स्टुलावर बसले.

"आलो," म्हणाले.

वहिनींनी त्यांचा हात घट्ट धरला. "लय दुखून राह्यलं जी," त्या म्हणाल्या, आणि मग कुठे त्या रडायला लागल्या.