मेयर डोरिंगची जाहीर कबुली

माफीनामा लिहावा तर मीच! हे मी म्हणत नाही, अख्खं सान्ता मार्सेला म्हणतं. गाव म्हणायला लागायच्या आधीपासून मी म्हणत होते, एवढंच. नगरपालिकेत माझ्या टेबलावर 'माहिती अधिकारी' अशी पाटी आहे, पण खरं काम एकच: आमचे मेयर डोरिंग जे घोळ घालतील ते निस्तरायचे. कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्यात ते धाडीत सापडले, तेव्हा मी असं निवेदन लिहिलं की शेवटी पोलिसांनीच त्यांची माफी मागितली. उत्सवाच्या सौंदर्यस्पर्धेत त्यांनी भलत्याच मुलीच्या डोक्यावर मुकुट ठेवला, तेव्हा माझं भाषण ऐकून खरी विजेती डोळे पुसत म्हणाली, राहू दे तो तिच्याकडेच.

त्यामुळे निवडणूक तोंडावर आलेली असताना व्हाइस-मेयरच्या माणसांनी फेसबुकवर 'मेयरसाहेब, लग्नाबाहेरचं लेकरू कुठे लपवलंय?' असं टाकलं, तेव्हा सगळी कचेरी हादरली. मी पेन उघडलं.

मेयर समोर बसून रुमालाने मान पुसत होते. भला माणूस. साठी उलटलेली, पोट सुटलेलं आणि कान असे की पंखा सुरू केला की हलतील अशी भीती वाटावी. कुणालाही नाही म्हणता येत नाही हा एकच दुर्गुण, बाकीचे सगळे त्यातून निघालेले. मी विचारलं, खरं आहे का. ते म्हणाले, खरं आहे. एक मूल आहे, इथेच गावात आहे, मला निनोंग, म्हणजे धर्मपिता, म्हणतं. आईचं नाव मात्र काही झालं तरी सांगणार नाही. मॅडम पुरिंगना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, सगळं ठाऊक होतं. ते पुढेही काहीतरी सांगू पाहत होते, पण मी हात वर केला. मला एवढं पुष्कळ होतं, बाकीचा रंग मी भरणार होते.

आणि भरला! बास्केटबॉलच्या मैदानावरच्या छपराखाली गाव लोटलं होतं. मॅडम पुरिंग फिकट निळा झगा घालून, हातात पंखा घेऊन नवऱ्याशेजारी उभ्या होत्या. ती जागा मीच खडूने आखून दिली होती. मेयर माझं लिहिलेलं कधी आधी वाचून बघत नाहीत, थेट माईकवरच वाचतात.

"मी चुकलो," ते म्हणाले. "या गावात माझं एक लेकरू आहे, ज्याला मी माझं नाव देऊ शकलो नाही. ते मला निनोंग म्हणतं. नाताळच्या सकाळी आपलं चिमुकलं कपाळ माझ्या हाताला टेकवतं, आणि मी त्याच्या मुठीत खाऊचे पैसे ठेवतो, तेव्हा माझं काळीज तुटतं."

'चिमुकलं' हा शब्द माझा होता. मेयर त्या शब्दापाशी जरा अडखळले, माझ्याकडे बघितलं, पण माईकसमोर थांबणार कसे? पुढे वाचत गेले. बायका हमसून रडत होत्या. एका म्हातारीने स्टेजवर चढून मॅडमना मिठी मारली. मी मागे उभी राहून स्वतःच्याच लेखणीवर खूश होते.

टाळ्या थांबल्या तेव्हा मला ते दिसलं. पहिल्या रांगेतल्या मासळीवाल्याने आपल्या पोराला हनुवटीला धरून उजेडाकडे वळवलं आणि त्याचे कान बघितले. शेजारच्याने आपल्या मुलाचे बघितले. हळूहळू अख्ख्या मैदानातले बाप आपापल्या लेकरांचे कान तपासू लागले.

आमच्याकडे बाप्तिस्म्याला आणि लग्नाला पाठीशी उभा राहणारा धर्मपिता म्हणजे निनोंग. एकदा कुणी विचारलं की त्याला नाही म्हणायची सोय नसते, आणि आमच्या मेयरना तर एरवीही नाही म्हणता येत नाही. नाताळच्या सकाळी हाताला कपाळ टेकवून आशीर्वाद घ्यायला त्यांच्या दारात धर्मलेकरांची रांग लागते ती बाजार ओलांडून जेटीपर्यंत जाते. गावातली निम्मी शेंबडी पोरं त्यांना निनोंग म्हणतात, आणि त्या निम्म्यांच्या आया एका वाक्यात मी बदनाम करून ठेवल्या होत्या!

दुसऱ्या दिवसापासून गावात कुणाचं घर धड राहिलं नाही. बाप जेवताना पोरांकडे टक लावून बघत. न्हाव्याचं दुकान ओस पडलं, कारण आयांनी मुलांचे केस कानांवर वाढवायला सुरुवात केली. काही बायका तर वेगळाच हिशेब करून बसल्या आणि पोरांचे केस चापूनचोपून मागे विंचरून त्यांना मेयरच्या फाटकासमोर उभं करू लागल्या. मेयरनी त्यांना हाकललं नाही, उलट पान्सितच्या शेवया खाऊ घातल्या, आणि त्यामुळे संशय आणखी पक्का झाला.

मग शिष्टमंडळं येऊ लागली. आधी सान इसिद्रो वस्तीचा प्रमुख आला. त्याचं म्हणणं साधं होतं: आमच्या वस्तीत ते लेकरू नाही, एवढं जाहीर करा, आमच्या बायका माहेरी निघाल्यात. मेयर माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, यात काय अवघड आहे! दोन ओळी लिहिल्या, मेयरनी त्या माईकवर वाचल्या, भोंगा लावलेली गाडी फिरली, आणि सान इसिद्रोत त्या संध्याकाळी डुक्कर भाजून मेजवानी झाली.

पण सान इसिद्रो सुटलं म्हटल्यावर बाकीच्या वस्त्यांवरचा संशय वाढला. लगेच लूयांगवाले आले. मग जेटीवाले. मग डोंगरावरचे चालत आले, येताना केळ्यांचे घड घेऊन. मेयर कुणाला नाही म्हणणार? रोज गाडी फिरे, रोज एक वस्ती निर्दोष सुटे. मी लिहीत गेले आणि असं लिहीत गेले की लोक निर्दोषत्व मिळाल्याचे फलक दारावर लावू लागले. शेवटी गावात एकच वस्ती उरली, तालिसाय.

तालिसाय म्हणजे आमचीच वस्ती. आमच्यातलं कुणी मेयरकडे आलंच नव्हतं, कारण सगळ्यांना वाटलं, वॅन्जी कचेरीत आहे ना, ती बघेल. आणि या वॅन्जीने, म्हणजे मीच, आपली वस्ती मुद्दाम शेवटी ठेवली होती, पक्षपात नको म्हणून!

मी धावत जाऊन दोन ओळी खरडल्या आणि मेयरपुढे धरल्या. त्यांनी चष्मा काढला.

"या नाही वाचणार, वॅन्जी."

"का? सगळ्यांसाठी वाचलंत."

"सगळ्यांसाठी खरं होतं म्हणून वाचलं."

मी नाव विचारलं, तर ते नेहमीसारखे मान पुसत बसले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

आता घरचं सांगते. माझा नवरा पिदो ट्रायसिकल, म्हणजे आमच्याकडच्या तीनचाकी रिक्षा, दुरुस्त करतो. मोजकं बोलतो, डोक्यावर कायम ग्रीसने काळी झालेली टोपी. आमची क्लॅरिता सात वर्षांची, मेयरची धर्मलेक, कारण माझी नोकरी तिथे असताना दुसऱ्या कुणाला विचारणार होते मी? आणि क्लॅरिताचे कान, काय सांगू, कपाच्या कानांसारखे दोन्ही बाजूंनी बाहेर. मी रोज तिच्या दोन वेण्या कानांवरून घालत होते आणि पिदो रोज गुपचूप त्या वेण्यांखाली बघत होता.

एका दुपारी पाना खाली ठेवून त्याने विचारलं, "ते चिमुकल्या कपाळाचं कुणाला सुचलं?"

"मला," मी म्हटलं, जरा अभिमानानेच.

"तुला कसं माहीत, कसं टेकवतं ते?"

मी म्हटलं, अरे, ती कल्पना आहे! त्याने मान हलवली, पाना उचलला आणि तो त्या दिवसापासून शेजारी त्याच्या आईकडे जेवायला जाऊ लागला. बारा वर्षांचा संसार, आणि मी स्वतःच्याच अलंकारिक भाषेमुळे ताटावर एकटी बसले. मला रडू आलं, हे कबूल करते. भाताकडे बघून रडले.

सासूबाईंचं मला जास्त भय वाटत होतं. त्यांचं नाव बिनिंग. माझ्या आडोबोच्या रश्श्यात व्हिनेगर जास्त आहे हे त्या गेली बारा वर्षं न चुकता सांगत आल्यात, आणि आता तर त्यांच्या हाती एवढं मोठं कोलीत मिळालं होतं. पण त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मी समोर आले की जपमाळ घेऊन आत जात. मी समजले, माझ्याविरुद्ध काहीतरी भयंकर शिजतंय.

शेवटची सभा तालिसायच्या चॅपलसमोर झाली. वस्तीतली सगळी घरं एकमेकांकडे डोळे वटारून बसली होती. मेयर बोलायला उभे राहिले, तेवढ्यात मागून पिदो उठला. जो माणूस गिऱ्हाइकाला भाव सांगायलाही लाजतो, तो भर सभेत उठला.

"निनोंग," तो म्हणाला, "बाकीचं मला काही नको. माझं घर वगळता येतं का, तेवढं सांगा. येत असेल तर मी घरी जाऊन बायकोच्या पाया पडतो."

मेयरनी मॅडम पुरिंगकडे बघितलं. मॅडमनी पंखा मिटला.

"नाही येत, पिदो," मेयर म्हणाले. "तुझंच घर वगळता येत नाही."

सगळी सभा माझ्याकडे वळली. शपथेवर सांगते, त्या क्षणी मला स्वतःलाच स्वतःचा संशय आला! क्लॅरिताचा हात धरून मी तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक वाक्य सुचेना.

तेवढ्यात मागच्या बाकावरून सासूबाई उठल्या. पदर खोचावा तसा झगा मुठीत धरला, गर्दी कोपराने बाजूला केली आणि स्टेजवर चढून मेयरच्या हातातला माईक ओढून घेतला.

"डोरिंग, तुझं तोंड आहे का फणसाचं बोंड?" त्या गरजल्या. गावाच्या मेयरला अरे-तुरे! मग लेकाकडे वळल्या. "आणि तू रे, गाढवा! तुझ्या पोरीबद्दल नाही बोलत तो. तुझ्याबद्दल बोलतोय!"

आता सगळ्या माना पिदोकडे वळल्या.

पुढचं त्यांनी एका दमात सांगितलं. डोरिंग तेव्हा बसवर कंडक्टर होता आणि सासूबाई स्वतः जेटीवर मासळी विकत. त्याच्या घरच्यांनी त्याचं लग्न पुरिंगशी ठरवलं आणि त्याला नेहमीप्रमाणे नाही म्हणता आलं नाही. मग पिदोच्या बापाने, देव त्याला सुखात ठेवो, सगळं माहीत असून बिनिंगशी लग्न केलं आणि पोराला स्वतःचं मानलं. "त्याने कधी कुणाच्या पोराचे कान मोजले नाहीत," सासूबाई म्हणाल्या, "आणि तू माझ्या सुनेला उपाशी बसवलंस?"

माझ्या सुनेला! बारा वर्षांत पहिल्यांदा.

पिदोने तोंड पुसायला डोक्यावरची टोपी काढली, आणि सगळ्या तालिसायने एकदम श्वास घेतला. दोन्ही बाजूंनी बाहेर! बारा वर्षं मी त्या डोक्याशेजारी निजले. पण नवऱ्याच्या कानांकडे कोण बघतं? गावभर लोकांनी पोरांचे कान तपासले, कारण मी कपाळ चिमुकलं लिहिलं होतं. मेयर खाली उतरले. पिदोला काय करावं ते कळेना, म्हणून त्याने लहानपणापासून करत आला तेच केलं, वाकून त्यांच्या हाताला कपाळ टेकवलं. चांगलंच रुंद कपाळ आहे त्याचं. मेयर ढसाढसा रडले आणि मीही रडले.

मेयर प्रचंड मतांनी निवडून आले. प्रत्येक नवऱ्याने सुटकेच्या आनंदात मत दिलं असणार. पिदो घरी जेवतो, क्लॅरिताच्या वेण्या आता मागे असतात, आणि दर रविवारी मेयर आणि मॅडम पुरिंग दुपारी आमच्याकडे जेवायला येतात. मॅडमना मूलबाळ नाही. त्यांनी पहिल्याच रविवारी पिदोला छातीशी धरलं आणि मला म्हणाल्या, आजपासून तू माझीही सून. मी म्हटलं, किती मोठं मन!

मग त्या जेवायला बसल्या. एक घास घेतला, सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. ज्या दोघी आयुष्यभर रस्त्यात समोर आल्या तर फुटपाथ बदलत होत्या, त्यांची त्या एका घासात गट्टी जमली.

"व्हिनेगर जरा जास्तच झालंय, नाही?" मॅडम म्हणाल्या.