घरगुती वातावरण

"घरगुती वातावरण असं लिहायला सांगताय काकी, पण घरात माणूस कुठाय?"

योगिनीबाईंनी कॉम्प्युटरचा पडदा पद्मावतीकडे वळवला. पडद्यावर पद्मावतीच्या वायरी गावातल्या घराचा फोटो होता. लाल कौलं, दारापुढचं सारवलेलं खळं, मागे माड आणि पडवीत ओळीनं मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. एकीवरही कोणी बसलेलं नव्हतं.

"पावण्यांसाठी मांडलंय त्यो," पद्मावती म्हणाली. "मीच बसान रवलंय तर ते खंय बसतले?"

योगिनीबाई मालवणच्या बाजारात इंटरनेटचं दुकान चालवत आणि लोकांना वेबसाइट करून देत. साल दोन हजार सात. मालवणला येणारे पर्यटक निघण्यापूर्वीच मुंबई-पुण्यात बसून कॉम्प्युटरवर घर निवडू लागले होते, त्यामुळे बाईंचं बरं चाललं होतं. लग्नाआधी त्या फोंडाघाटला शाळेत शिकवत असत. शाळा सुटली तरी शिकवणं सुटलं नव्हतं. वेबसाइट करायला आलेल्याला त्या आधी बाकावर बसवून धडा देत.

"नीट ऐका. पहिल्या पानावर तुम्ही काय देता ते दोन ओळींत. फोन नंबर वर, मोठा, चष्म्याशिवाय दिसेल असा. फोटो आपल्याच घराचे, दुसऱ्याचा समुद्र आपला म्हणून लावायचा नाही. फोन वाजला की उचलायचा. आणि माणसांचे चेहरे दाखवायचे. खोली बघून लोक विचार करतात, माणसं बघून येतात. रविवारी मी कॅमेरा घेऊन येते, घरातल्या सगळ्यांना बसवून ठेवा."

पद्मावतीला हे सगळं ताबडतोब पटलं, कारण तिनं उभा जन्म बाजारात मासे विकले होते. पाटीतला माल बारीक असला की शेजारणीकडून एक मोठी सुरमई घडीभर मागून घ्यायची आणि आपल्या पाटीवर आडवी ठेवायची. गिऱ्हाईक सुरमई बघून थांबतं आणि बांगडे घेऊन जातं. बाजार उठला की सुरमई जिची तिला. यात लबाडी आहे असं तिथं कोणालाच वाटत नसे, कारण दुसऱ्या दिवशी तीच शेजारीण पद्मावतीचं पापलेट मागून नेई.

आता घरातल्या सगळ्यांना बसवायचं म्हणजे पद्मावतीनं एकटीनंच बसायचं. नवरा रामचंद्र जाऊन चार वर्षं झाली होती. एकुलता मुलगा निकेत बायकोबरोबर मुंबईला भांडुपात. त्यानंच दोन खोल्या काढून दिल्या, संडास-बाथरूमला टाइल्स लावल्या आणि "आये, आता मासे विकूचे नाय, पर्यटक येतले, तुझो येळ जातलो," असं सांगून तो गेला. पर्यटक आले नाहीत आणि वेळही गेला नाही. घर वाडीच्या अगदी टोकाला. राहण्याजेवण्याची सोय सांगणारे बोर्ड रस्त्यापासूनच सुरू होत, आणि पाहुणे पहिल्या दोन-तीन बोर्डांतच संपत.

निकेत गणपतीला यायचा. घरचा गणपती दीड दिवसाचा, तसा मुलगाही दीड दिवसाचा. विसर्जन करून परस्पर गाडी गाठायचा. पद्मावतीला वाईट वाटे. फारच वाईट वाटे. दुपारी जेवायला बसताना ती रेडिओ लावून ठेवी, म्हणजे घरात कोणीतरी बोलतंय असं होई. मग बातम्या सांगणाऱ्याला "मीठ बरोबर पडला मा रे?" असं विचारी आणि आपली आपणच हसे.

म्हणून शनिवारी ती कुंपणातल्या खिंडारातून शेजारच्या निलेशकडे गेली. निलेशची होडी होती. घरात बायको प्राजक्ता, चार वर्षांची बाबली आणि म्हातारे वडील दाजी.

"उद्या वायच माझ्या पडवीत येवन बसा. फोटो काढूचो आसा."

"तुझ्या घराचो मा, काकी?" प्राजक्ता म्हणाली. "मगे आमी कित्याक?"

"घर आसा गो माझ्याकडे. माणसां कमी पडतत."

रविवारी सगळे आले. दाजी तर इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून थेट पद्मावतीच्या शेजारच्या खुर्चीवर यजमानाच्या थाटात बसले. हा फोटो जगभर दिसणार, आणि जगाचं एकवेळ चालेल पण मालवणातही दिसणार, हे पद्मावतीच्या लक्षात आलं.

"दाजी, तू थय माडाकडे उभो रव. नारळ सोलत."

"मी? घरातलो मोठो माणूस मी!"

"तुझ्या घरातलो. हय तू गडी."

दाजी असे काही संतापले की फोटोत त्यांची नुसती पाठच आली. बाकी फोटो झकास आला. मधोमध पद्मावती, एका बाजूला निलेश, दुसऱ्या बाजूला प्राजक्ता, मांडीवर बाबली. "हे चिरंजीव ना? आणि या सूनबाई?" योगिनीबाईंनी विचारलं. मासे ताजे आहेत का असं कोणी विचारलं की पद्मावती जशी मान हलवायची, तशीच तिनं आत्ताही हलवली. फोटोखाली ओळ पडली, 'आमचं कुटुंब'.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचे एक निवृत्त साहेब आणि त्यांच्या बाई आल्या. बाईंनी चपला काढायच्या आधीच विचारलं, "सूनबाई कुठायत?"

"मागीलदारी आहे. आत्ता बोलावते," पद्मावती शहरातल्या मराठीत म्हणाली आणि खिंडाराकडे धावली.

तिथून प्राजक्ताचे हाल सुरू झाले. तिकडे तिचा स्वतःचा भात चुलीवर, इकडे पाहुण्यांचं माशाचं सार. ती एका घरातून अदृश्य व्हायची आणि दुसऱ्या घरात धापा टाकत उगवायची. निलेश मासळी उतरवून येतो न येतो तोच साहेब त्याला धरून भरती-ओहोटीवर प्रश्न विचारत. पद्मावती मात्र खुशीत होती. दुसऱ्या दिवशी तर तिनं प्राजक्ताला "खोबरा जाडा वाटलंस," म्हणून चक्क टाकून बोलून घेतलं.

"काकी, माझी खरी सासू असती तरी असा बोलली नसती हां," प्राजक्ता कुजबुजली.

घोटाळा केला तो बाबलीनं. पुण्याच्या बाईंनी तिला लाडानं विचारलं, "तू आजीजवळच झोपतेस ना गं?"

"नाय. मी माझ्या घराकडे झोपतंय. ह्या आजीचा घर."

बाईंनी पद्मावतीकडे पाहिलं. काहीतरी बोलणं भाग होतं. "ते काय आहे, लग्नानंतर वेगळी चूल केलीय त्यांनी," ती म्हणाली.

झालं! ही धावपळ, ही धुसफूस, सुनेचं हे घामेजलेलं कपाळ, सगळ्याचा अर्थ बाईंना एका क्षणात लागला. पुण्यात त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. मालवणात आल्याचं सार्थक झालं असं त्यांना वाटलं. किल्ला, समुद्र सगळं सोडून त्या दोन दिवस सासू-सुनेत समेट घडवत बसल्या. निघायच्या दिवशी त्यांनी दोघींना समोरासमोर बसवलं आणि प्राजक्ताचा हात पद्मावतीच्या हातात दिला. "आई एकट्या पडल्यात गं. माणसानं माणसाला धरून राहावं," त्या म्हणाल्या.

प्राजक्ता हसू दाबता दाबता लाल झाली होती. तिनं वर पाहिलं तर पद्मावतीच्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं. प्राजक्ताचं हसू जागच्या जागी विरलं आणि तिनं हात काढून घेतला नाही.

पुण्याला पोचल्यावर बाईंनी वेबसाइटवर अभिप्राय लिहिला, "जेवण उत्तम. खोल्या स्वच्छ. निलेश आणि प्राजक्ता यांनी वेगळी चूल बंद करून आईंकडे परत यायचं आम्हाला कबूल केलं आहे." त्यानंतर फोन करणारा प्रत्येक जण खोलीच्या आधी "सगळे एकत्र आहेत ना आता?" हेच विचारू लागला. त्यामुळे प्राजक्ताला पाहुणे असोत नसोत, दिवसातून दोनदा तरी यावंच लागे. येता येता ती तिथंच जेवू लागली. पद्मावतीचे गुडघे सुजलेले बघून निलेश तिला मोटारसायकलवरून कुडाळला डॉक्टरांकडे नेऊ लागला. दुपारचा रेडिओ बंद झाला.

डिसेंबरात एकदा फोन वाजला. पद्मावतीनं तो सांगितल्याप्रमाणे लगेच उचलला. पलीकडे शहरातल्या कोणी बाई होत्या. मागं गाड्यांचा गोंगाट.

"तुमच्याकडे घरगुती वातावरण आहे ना?"

"आहे तर! या की."

"मुलगा-सून तिथंच असतात?"

आता पद्मावतीतली मासेवाली जागी झाली. "असतात म्हणजे काय! मुलगा हाकेसरशी धावतो. आणि सून काय सांगू तुम्हाला, लक्ष्मी आहे लक्ष्मी! भाकरी थापते तर पापुद्रा असा सुटतो. उलटून एक शब्द बोलायची नाही."



"आई, मी वर्षाली बोलतेय."

वर्षाली म्हणजे निकेतची बायको. ऑफिसातल्या मैत्रिणीनं नाताळच्या सहलीसाठी वेबसाइट उघडली होती आणि वर्षालीला पडद्यावर सासूसकट एक अख्खं कुटुंब दिसलं होतं, ज्यात ती नव्हती.

"तुझाच कौतुक करी होतंय गो," पद्मावतीनं शेवटचा प्रयत्न केला.

"आई, मला भाकरी येत नाही."

शनिवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. नेमके त्या दिवशी कोल्हापूरचे एक मास्तर बायकोसह मुक्कामाला होते. ते पडवीत चहा पीत होते आणि नळ दुरुस्त करणाऱ्या निलेशचं तोंडभर कौतुक करत होते. रिक्षातून निकेत उतरला. मागून बॅगा घेऊन वर्षाली.

"आणखी पाहुणे आले वाटतं," मास्तर म्हणाले.

पद्मावतीनं मास्तरांकडे पाहिलं, निलेशकडे पाहिलं, निकेतकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "मुंबईचे आहेत."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. निकेत तोंड उघडणार तोच निलेशनं घाबरून पुढं होऊन त्याच्या हातातली बॅग घेतली. "येवा साहेब, ह्या बाजून खोली." लहानपणी ज्याच्याबरोबर लोकांचे आंबे चोरले, त्यानंच आता साहेब म्हटलं. निकेत त्याच्यामागून पाहुण्यांच्या खोलीत गेला. टाइल्स त्यानंच निवडल्या होत्या, पण त्या खोलीत तो पहिल्यांदाच राहत होता.

दुपारी पाहुण्यांच्या पंगतीत मास्तर त्याच्या शेजारी बसले.

"पहिल्यांदाच आलात?"

"नाही. गणपतीला येतो."

"बाई फार चांगल्या हो. गुडघ्यांनी बेजार आहेत बिचाऱ्या. पण मुलगा असावा तर असा. न चुकता कुडाळला डॉक्टरांकडे नेतो."

आईचे गुडघे दुखतात हे निकेतला ठाऊक नव्हतं. तो कितीतरी वेळ भातातला काटा शोधत राहिला. प्राजक्तानं त्याला आग्रहानं आणखी एक भाकरी वाढली. पापुद्रा खरोखरच सुटलेला होता.

मास्तर किल्ला बघायला गेले आणि निकेतचा बांध फुटला. "आये, तो फोटो आजच्या आज काढून टाक! माझ्या घरात, माझ्या खुर्चेर निलेश? लोकां काय म्हणतली?"

"लोकां बरा म्हणतत रे. खाली लिवलेला आसा तेनी."

"आये!"

"मगे तू येवन बस मा खुर्चेर," पद्मावती हळूच म्हणाली. "मी खंय नको म्हणतंय?"

बोलून झाल्यावर ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. निकेतनं जरा विचार केला. "बरोबर," तो म्हणाला. "योगिनीबाईंक उद्याच बोलव. नवीन फोटो काढूया."

रविवारी सकाळी मास्तर कोल्हापूरला गेले आणि मग नवा फोटो निघाला. वर्षालीनं खास साडी नेसली, निकेतनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. निलेशनं न सांगता आपली मोटारसायकल पडवीसमोरून हलवली. प्राजक्ता बाबलीला घेऊन कुंपणापलीकडून फोटो बघत होती. मग ती आत गेली. दुपारच्या गाडीनं निकेत आणि वर्षाली मुंबईला गेले. त्या संध्याकाळीच वेबसाइटवर खरं कुटुंब झळकलं आणि योगिनीबाईंना घडला प्रकार कळून त्या दोन दिवस पद्मावतीशी बोलल्या नाहीत.

प्राजक्ता दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. भांडण काहीच झालं नव्हतं, त्यामुळे ते मिटवणार तरी कसं? खिंडारापलीकडे प्राजक्ताच्या बांगड्या वाजत, बाबलीचं रडणं ऐकू येई. पद्मावती इकडे ताटावर बसे आणि तिला घास जात नसे. आपलीच माणसं फोटोत आली आणि घर पहिल्यापेक्षाही रिकामं झालं, हे तिला कोणाला सांगताही येईना.

नाताळात साताऱ्याची सहा माणसं आली. त्यांतल्या बाईंनी पडवीत पाऊल टाकताच विचारलं, "फोटोतल्या सूनबाई कुठायत?"

"मुंबईला असतात," पद्मावती म्हणाली. "बसा. चहा आणते."

चहा देऊन ती मागीलदारी गेली आणि दुखरे गुडघे सावरत खिंडारातून पलीकडे वाकली. प्राजक्ता विळीवर नारळ खवत होती.

"प्राजक्ता, चल गो. सहा माणसां इलीत. भाकऱ्यो थापूक व्हयो."

प्राजक्तानं मान वर केली नाही. "माका कित्याक बोलावतंस? तुझी सून आसा मा आता. सगळ्या जगान बघल्यान."

"ती फोटोत आसा गो," पद्मावती म्हणाली. "तू चल."