माहेरी गेलेला अंगठा

माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याला नखुरडं झालं, म्हणून मी त्याला चार दिवस माहेरी पाठवला. मला स्वतःला जाणं शक्यच नव्हतं. इचलकरंजीत आमची खानावळ आहे, आणि मी चुलीपुढून हलले की यंत्रमागावरची निम्मी माणसं उपाशी. चार वर्षं मी आईचं तोंड बघितलं नव्हतं.

नखाची कड लाल होऊन टम्म सुजली होती. आधी मी लिंबाला भोक पाडून बोट त्यात खुपसलं, सगळेच खुपसतात. ठणका काही कमी झाला नाही. डॉक्टर मगदुमांनी बघितलं आणि म्हणाले, "शालनताई, हात सारखा पाण्यात असतो तुमचा, त्यातनं जंतू आत शिरलेत. कोरडा ठेवला नाहीत तर नख काढावं लागेल."

"मग भांडी काय तुम्ही घासणार?" मी विचारलं.

"निदान अंगठ्याला तरी विश्रांती द्या," डॉक्टर म्हणाले. "माहेर कुठलं?"

त्यांनी पू काढून पट्टी बांधली. गोळ्या मी घ्यायच्या आणि मलम अंगठ्याबरोबर पाठवायचं, असं ठरलं.

माझा भाऊ आनंदा गारगोटीहून मुराळी म्हणून आला. रीतच आहे, माहेरवाशीण एकटी कशी जाईल? त्यानं चहा घेतला, अंगठा उतरवून धुतलेल्या रुमालात घेतला आणि निघाला. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "अंगठा गड्याचा का बाईचा?"

"बहिणीचा हाय."

"मग अर्धं तिकीट," म्हणून त्यानं खिडकीजवळची जागा करून दिली. भला माणूस.

इकडं माझी तारांबळ उडाली. अंगठ्याशिवाय कांदा धरता येत नाही, भाकरी थापता येत नाही, साधी गाठ मारता येत नाही. पण माणसांनी सांभाळून घेतलं, खोटं कशाला सांगू. जेवायला येणारे आपापली ताटं घासून पालथी घालायला लागले. माझे मालक, बापूसो, जन्मात कधी पिठात हात न घातलेला माणूस, भाकरी थापायला बसला. एकेक भाकरी म्हणजे नकाशा होता, पण कुणी हूं का चूं केलं नाही.

आई रोज फोन करायची. "सकाळी कोमट पाण्यात ठेवला, मऊ फडक्यानं टिपला, मलम लावलं. आता उन्हाला बसलाय." सूज उतरली हेही तिनंच सांगितलं. नख वाचलं.

अंगठा परत आला तो चांगला गुटगुटीत होऊन. मी तो बसवला, हलवून बघितला. काही दुखलं नाही.

"लवकरच यायचो," आनंदा म्हणाला, "पर निघताना आईनं मुठीत धरला तो सोडंना. एक गाडी चुकली. मग आपणच म्हणाली, जा बाई, तिकडं माणसं जेवायची थांबल्यात."

मी अंगठा डाव्या मुठीत धरला. बापूसो हात पुसत उठले.

"पाव्हणं, आता हिला घेऊन जावा," ते म्हणाले. "अंगठा ऱ्हाऊ दे हितं. त्याची विश्रांती झालीय. भाकरीपुरता बास हाय, भांड्याच्या पाण्याला मी त्याला शिवू देत न्हाई."

मी अंगठा उतरवून परातीशेजारी ठेवला आणि लुगडं बदललं.

गारगोटीला पोचले तेव्हा आई दारातच उभी होती. तिनं माझा उजवा हात हातात घेतला, चार बोटं नीट चाचपली आणि मान हलवली.

"अंगठ्याचं झालं करून," ती म्हणाली. "आता तू टेक."